बेचाळीसावं पाकीट

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही नेहमी कुठल्यातरी दारात उभे असता, आणि फोनवर बोललेलं मला नंतर खरं वाटत नाही. म्हणून लिहिते. तुम्हीही लिहूनच कळवा.

काल तुमच्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागाकडून दोन कागद आले. पहिल्यात लिहिलंय की, "सहभागी क्रमांक ४२" यांना आधीपासून हृदयविकार असल्याचं आढळल्यामुळे ते अभ्यासाला अपात्र होते, सबब त्यांची नोंद निकालातून वगळण्यात येत आहे. दुसऱ्यावर माझी सही हवी आहे. ह्यांच्या फुप्फुसाचा जो भाग तपासणीसाठी जपून ठेवला होता, तो नष्ट करायला माझी हरकत नाही, अशी. ह्यांना जाऊन चार महिने झाले. असा काही भाग ठेवलेला आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

ह्यांना हृदयविकार कधी होता? अठ्ठावन्नाव्या वर्षी तलावाची अख्खी लांबी पाण्याखालून एका दमात जात होते, आणि वर आल्यावर पोहणं शिकायला आलेल्यांना ओरडायलाही दम उरलेला असायचा.

दुसरं असं. ऑपरेशनच्या आधी ह्यांनी सही केलेल्या संमतीपत्राची प्रत माझ्याकडे आहे. त्यावर तुमच्या नर्सबाईंच्या अक्षरात क्रमांक ४१ लिहिलेला आहे. काल कागद काढून बसले तेव्हा लक्षात आलं. एक्केचाळीसाचे बेचाळीस कसे झाले?

मला तेव्हा जे कळलं होतं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. गाठ दोन सेंटिमीटरची होती. उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात. एक तर वरचा कप्पा अख्खा काढायचा, नाहीतर गाठ आणि तिच्याभोवतीचा तेवढाच तुकडा. दोन्हींतलं बरं कोणतं हे अजून जगात कुणाला नक्की माहीत नाही, म्हणून तुमचा अभ्यास, आणि म्हणून कुणाला काय करायचं ते चिठ्ठीनं ठरणार. तुम्ही एकाला "मोठं" म्हणालात, एकाला "लहान". ह्यांनी विचारलं होतं, "डॉक्टरच्या भावालाही चिठ्ठीच का?" तुम्ही हो म्हणालात. तेव्हा हे म्हणाले, "मग चालेल. रांगेत उभा राहतो. माझ्या वाट्याला येईल ते माझं."

उत्तर पाठवा.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग गलबलून आलं. दादा तुम्हाला परीक्षेच्या सीलबंद पाकिटांवरून "सीलबाई" म्हणायचा ते उगीच नाही. तुमच्या हातून कागद सुटणं म्हणजे सुसरीच्या जबड्यातून पाय सुटणं.

तुम्हाला सगळं बरोबर कळलं आहे. दादाची चिठ्ठी मोठी निघाली. आम्ही वरचा कप्पा काढला, आणि ऑपरेशन म्हणाल तर शिकवायला दाखवावं असं झालं. नंतर जे झालं ते हजारात दोघा-तिघांना होतं. वरचा कप्पा गेला की मधल्याला मोकळी जागा सापडते आणि क्वचित तो आपल्याच देठावर पिळला जातो. रक्त अडतं. ते लक्षात येईपर्यंत दीड दिवस गेला. मग जंतुसंसर्ग, मग श्वासाचं यंत्र. एकोणिसावा दिवस तुम्हाला मी सांगायला नको.

हृदयाचं तसं फार काही नव्हतं. आदल्या दिवशीच्या तपासणीत ठोके थोडे इकडेतिकडे दिसले होते. अभ्यासाचे नियम फार कडक असतात, एवढ्यावरही माणूस बाद होतो. आणि आकड्याचं म्हणाल तर आमचा कारकून एकाचे दोन करण्यात पटाईत आहे. त्याच्या पगारात तेवढं जमत नाही, ही त्याची तक्रार.

त्या कागदावर सही करून टाका. तो तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला असतो, काडेपेटीपेक्षाही लहान. तो म्हणजे दादा नव्हे. जपून काय करायचं आहे?

ही म्हणते, चार दिवस इकडे येऊन राहा. तुमच्या गच्चीतल्या कुंड्या काही मरत नाहीत.

तुमचा,
धाकटा


२ मार्च

भाऊजी,

सही केलेली नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्याकडे ह्यांच्या हृदयाचे नऊ वर्षांचे आलेख आहेत. ते म्हणाले, "बाई, ह्या माणसाचं हृदय मला मिळालं असतं तर मी अजून टेनिस खेळलो असतो." सगळ्या आलेखांच्या प्रती घेतल्या.

मंगळवारी तुमच्या विभागात गेले. तुम्ही ऑपरेशनमध्ये होता. बाहेरच्या लांब बाकावर बसले. शेजारी एक बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, पडदे शिवण्याचा धंदा आहे म्हणाल्या. धापा न टाकता बोलत होत्या.

"लिफ्ट बंद आहे ना, तीन मजले चढले," त्या म्हणाल्या. "मध्ये एकदाच थांबले, तेही चपलेचा पट्टा निघाला म्हणून. तुमचं कोणतं निघालं? माझं लहान."

मी म्हटलं, "माझं काही नाही. नवऱ्याचं मोठं निघालं."

"मग ते कुठायत? तपासायला आत घेतलंय का?"

"गेले ते."

त्या म्हणाल्या, "नशीब बाई एकेकाचं. मला डॉक्टर म्हणाले होते, तुमची चिठ्ठी चांगली निघाली." आणि मला बरं वाटावं म्हणून पडद्यांबद्दल बोलत राहिल्या. पाण्याची बाटली भरायला उठल्या तेव्हा त्यांचं कार्ड माझ्या हातात दिलं. "जरा धरा हो. नंबर पुकारला तर हात वर करा."

कार्डावर क्रमांक ४१ आहे. ऑपरेशनची तारीख २३ सप्टेंबर. ह्यांचं ऑपरेशन २१ ला झालं होतं. म्हणजे दोन दिवसांनी आत गेलेल्या बाईंचा क्रमांक ह्यांच्या आधीचा आहे.

माझी बत्तीस वर्षं परीक्षा विभागात गेली. प्रश्नपत्रिकांची बंद पाकिटं कशी ठेवतात, कोणत्या क्रमानं फोडतात, सही कुठं करतात, हे मला दुसरं काही येत नसलं तरी येतं. क्रम चुकतो तेव्हा दोनच कारणं असतात. एक म्हणजे गबाळेपणा. गबाळे तुम्ही नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. काय केलंत ते तुमच्या हातानं लिहा. आणि ह्यांना मोजा. हे तुमच्या अभ्यासात शिरले, त्यात मेले, आणि तुमच्या तक्त्यात कुठेच नाहीत. परीक्षेला न आलेल्या मुलाचीसुद्धा आम्ही गैरहजर म्हणून नोंद ठेवतो.

वहिनी


१० मार्च

वहिनी,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली.

पाकिटं माझ्या खोलीतल्या कपाटात असतात. ती मी हाताळायची नसतात, पण किल्ली माझ्याकडे असते. दादानं सही केली त्या दुपारी मी एक्केचाळीसावं पाकीट काढलं आणि एक्स-रे बघायच्या दिव्याच्या काचेवर ठेवलं. पाकीट चांगल्या जाड कागदाचं आहे. खिडकीशी धरलं तर काही दिसत नाही. पण त्या काचेवर आम्ही बरगडीमागच्या सावल्या वाचतो. मला वाचता आलं. लहान.

मग बेचाळीसावं ठेवलं. मोठं.

सत्तावीस वर्षं मी मोठं ऑपरेशन करतो आहे. लहान केलेल्यांची गाठ तिथल्या तिथे परत आलेली मी पाहिली आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला खरोखरच ठाऊक नव्हतं कोणतं बरं. दादाच्या बाबतीत मला ठाऊक होतं. मी त्याला चिठ्ठीवर सोडणार नव्हतो. ज्यानं मला गळ्याला धरून पोहायला शिकवलं त्याला मी रांगेत उभा करणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्या पडदेवाल्या बाई आल्या. त्यांना एक्केचाळीस दिलं, आणि कागदोपत्री दादाच्या आधी घातलं. आपण त्यांच्या पदरात खोटं नाणं टाकतो आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं. तेही लिहून टाकतो, तुम्हाला सगळं हवं आहे ना. "चिठ्ठी चांगली निघाली" असं मीच त्यांना म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

हृदयविकाराचं खोटं आहे. अभ्यासातला कुणी गेला की देखरेख समिती त्याची फाइल तारखांसकट वाचते. मला ती वाचली जायला नको होती.

आता एक तुम्हाला. त्या आठवड्यात तुमचा फोन आला होता. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, सगळं तुमच्याच तर हातात आहे, मग बघा ना काहीतरी." ते तुम्ही विसरला असाल. मी विसरलेलो नाही. तुमच्या पत्रांत त्याचा उल्लेख नाही, एवढं लक्षात आणून देतो.

तुम्हाला दादा मोजलेला हवा आहे. मी शेरा मागे घेतो. लेखनिकाची चूक म्हणून ते जमेल, फाइल मीच समितीपुढे नेईन. त्यात जोखीम आहे, पण दादा बेचाळीस म्हणून तक्त्यात येईल, झालं त्या ऑपरेशनासह आणि मृत्यूसह. त्या बदल्यात एक्केचाळीस लिहिलेला कागद जाळून टाका. हे बाहेर गेलं तर आमच्या केंद्रातले सत्तेचाळीस रुग्ण एका फटक्यात बाद होतील, सहा वर्षांचं काम जाईल, आणि त्या सत्तेचाळिसांत दादाही जाईल. मग तो कधीच मोजला जाणार नाही. तुम्हाला जे हवं आहे ते देणारा मी एकटाच आहे, वहिनी. ह्याचा नीट विचार करा.

धाकटा


१५ मार्च

भाऊजी,

हो, म्हणाले होते. विसरले नव्हते, लिहिलं नव्हतं.

आमच्या शिपायालाही मी दर वर्षी गमतीनं म्हणते, "बघ रे, पेपर सोपा आहे का." तो हसतो. बत्तीस वर्षांत त्यानं पाकीट फोडलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका केंद्रावर गणिताचं पाकीट अर्धा तास आधी फुटलं. कुणी फोडलं, किती जणांनी पाहिलं, काही कळलं नाही. तीनशे बारा मुलांचा पेपर रद्द झाला. त्या आदेशावर सही माझी होती. एका मुलीची आई ऑफिसात येऊन माझ्या टेबलाला धरून उभी राहिली, तिला दोन माणसांनी सोडवून नेलं. हे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "एकानं चोरी केली आणि तू तीनशे अकरांना बुडवलंस. बुडवायचा धंदा माझा नाही म्हणून बरं." मी सही मागे घेतली नाही.

तुमच्या अटीचा विचार करते. ह्यांना मोजा. तक्ता तयार झाला की एक प्रत पाठवा.

वहिनी


२८ एप्रिल

वहिनी,

सहा आठवडे तुमचं पत्र नाही, म्हणजे मी समजायचं ते समजलो. तुमच्या गप्प राहण्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. दादा म्हणायचा, आमच्या घरात बोलते ती फक्त शिट्टी. त्यावर तुम्ही रागवायचात. आज मला त्या न बोलण्याची किंमत कळते.

काम झालं. समितीनं दोन-तीन प्रश्न विचारले, मग शेरा मागे घेतला. सोबत तक्ता आहे. तिसरी ओळ पाहा. "ऑपरेशननंतर तीस दिवसांत मृत्यू", मोठ्याच्या रकान्यात एक. तो दादा.

आणि आता निकाल. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल तर लहान ऑपरेशन मोठ्यापेक्षा कुठेही कमी पडलेलं नाही. गाठ परत येण्याचं प्रमाण तितकंच, श्वास मात्र जास्त उरतो. सत्तावीस वर्षं मी जे सांगत आलो ते माझ्याच आकड्यांनी खोडून काढलं. पुढच्या महिन्यात परिषदेत मला हे मांडायचं आहे. माणसानं आयुष्यात एकदा तरी स्वतःविरुद्ध खरं बोलावं, ते मला करायला मिळतंय. दादाचा वाटा त्यात आहे, असं मी धरून चालतो. तुम्हीही तसंच धरा. मनाला बरं वाटतं.

एक विचारायचं राहिलं. त्या पडदेवाल्या बाई दोन तपासण्यांना आल्या नाहीत. फोन उचलत नाहीत. तुमची ओळख झाली होती ना? कुठे भेटल्या तर सांगा, आता येणं फार महत्त्वाचं आहे.

आणि तो कागद जाळलात ना?

धाकटा


११ मे

भाऊजी,

तक्ता मिळाला. तिसरी ओळ पाहिली. एक आहे. बराच वेळ पाहिला.

पडदेवाल्या बाईंकडे मी मार्चच्या शेवटी गेले होते. दुकान लहान आहे, समोर मशीन, मागे कापडाचे गठ्ठे. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा खरा नंबर बेचाळीस होता, त्यात मोठं होतं, आणि तुम्ही त्यांना एक्केचाळीस दिलंत ते वाईट समजून दिलंत.

त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या मिस्टरांचं आहे ते माझ्या आत."

मी म्हटलं, "तसं नाही. त्यांच्या आत जे राहायला हवं होतं, ते तुमच्या आत राहिलं."

"आणि डॉक्टरांना वाटत होतं मी मरेन?"

"तुमची गाठ परत येईल असं वाटत होतं."

त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं. "हे मला कशाला सांगितलंत?"

"तुम्हाला कळायला हवं होतं."

"मला नको होतं," त्या म्हणाल्या. "मी चांगली झोपत होते." मग उठून शटर अर्धं ओढलं. मी वाकून बाहेर पडले. तुमच्याकडे त्या आता येतील असं वाटत नाही.

तक्ता मिळाल्यावर, ४ तारखेला, मी देखरेख समितीकडे गेले. संमतीपत्र, तुमची तिन्ही पत्रं, हृदयाचे आलेख आणि तक्ता, सगळं मूळ प्रतींत दिलं. माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवते, त्याही दिल्या. आधी गेले असते, पण तो एक मला एकदा छापलेला पाहायचा होता. तीन जण होते. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी मला दोनदा विचारलं, "ह्या केंद्राचे सगळेच रुग्ण बाद होतील, त्यात तुमचे यजमानही जातील, हे समजून देताय ना?" मी म्हटलं, समजून देते. मला वाटलं होतं त्यांना नवल वाटेल. त्यांनी फक्त लिहून घेतलं.

तुम्हाला येत्या बुधवारी बोलावणं येईल. परिषदेला जायची तयारी करू नका. तुम्ही म्हणालात तसं, लहान ऑपरेशन बरं हे आता तुमच्या आकड्यांवरून कुणी म्हणणार नाही. दुसरं कुणी आणखी सहा वर्षं मोजेल. तोपर्यंत किती जणांचा वरचा कप्पा उगीच जाईल, ह्याचाही मी विचार केला. एकदा तीनशे अकरांना बुडवून झालं आहे. मला ते जमतं.

हे इथेच थांबवणार होते. पण समितीतल्या बाईंनी शेवटी विचारलं, "तुम्हाला हे पहिल्यांदा कधी कळलं?" तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं होतं तेच त्यांना सांगणार होते, की फेब्रुवारीत कागद काढून बसले तेव्हा. पण खाली सही करायची होती. म्हणून खरं लिहिलं. ते त्यांच्याकडून कळण्याआधी तुम्ही माझ्याकडून वाचा.

ऑपरेशनच्या सकाळी ह्यांच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. तिच्यावर ४२ होतं. माझ्या पर्समध्ये ४१ चा कागद होता. नर्सबाई पलंग ढकलत नेत होत्या, तेवढ्या वेळात मी दोनदा वाचलं. मला तिथेच कळलं की तुम्ही बघितलंत काहीतरी. आणि मला बरं वाटलं, भाऊजी. कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेतला. महिनाभरात पहिल्यांदा चव लागली.

नवव्या दिवशी घशात नळी होती तेव्हा ह्यांनी लिहायची पाटी मागितली. तुम्ही पलंगाच्या त्या बाजूला होता, मी ह्या. त्यांनी लिहिलं, "चिठ्ठी सरळ निघाली ना?" तुम्ही म्हणालात, "अगदी सरळ, दादा." त्यांनी तुमच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मग त्यांनी लिहिलं, "तर मग तक्रार नाही," आणि पाटी पुसायला माझ्याकडे दिली. मी पुसली.

वहिनी